ज्याचे ताट त्याने आणावे

स्टीलचे ताट माणसापेक्षा जास्त जगते आणि जास्त फिरते. ते गंजत नाही, फुटत नाही, आणि मधोमध नाव कोरलेले असल्यामुळे हरवतही नाही. फक्त दुसऱ्याच्या घरी राहते.

पिंपरी पेंढारच्या सुदर्शनरावांनी या शास्त्राचा विचार कधी केला नव्हता. तो त्यांना मुलीच्या लग्नात करावा लागला. मुलगी अक्षदा पुण्यात नोकरीला आणि कचऱ्याच्या बाबतीत अतिशय कडक. (घरी आली की आधी केराची बादली बघायची, मग आईबापांना.) तिच्या चुलतभावाच्या लग्नातले प्लॅस्टिकचे ग्लास वाऱ्याने शेजाऱ्याच्या रानात गेले होते, आणि तिथले कांदे काढून झाले तरी ग्लास निघत राहिले. तेव्हा तिने जाहीर केले, आपल्या लग्नात कचरा होणार नाही.

"म्हंजे नेमकं काय करायचं न्हाई?" सुदर्शनरावांनी विचारले.

छापील पत्रिका नाही, पाण्याच्या बाटल्या नाहीत, थर्माकोल नाही, पत्रावळ्या नाहीत. पाहुण्यांनी आपापले ताट-तांब्या आणायचे, धुऊन परत न्यायचे. आणि ताटात शीतही टाकायचे नाही.

"पावणं काय म्हणतील?"

"मग कोर्टात करू. तिथं कचराच होत नाही."

तिथे पाहुणेही होत नाहीत, हे लक्षात येताच सुदर्शनराव पर्यावरणवादी झाले.

लग्नाला माणसे पिशवीत ताट घालून आली. आणि इथे मनुष्यस्वभावाने घात केला. चारचौघांत जायचे म्हणून कोणी रोजचे ताट आणले नव्हते. सर्वांनी ठेवणीतले काढले होते. ठेवणीतले ताट कोऱ्यासारखे का राहते, याचा कोणी विचार केला नाही. (ते वापरताना जरा धाकधूक असते, म्हणून.)

अक्षता पडल्या, पंगत बसली. सुदर्शनरावांची थोरली बहीण लंकाबाई बुंदी वाढत आदेशच्या, म्हणजे नवऱ्या मुलाच्या, आईपाशी आली आणि तिचा हात थांबला. ताटावर सुबक अक्षरांत कोरले होते: 'चि. सौ. कां. लंका हिस मामाकडून'.

"साळुबाई, हे ताट कुठलं?"

"आळ्याचं. आमच्या घरचं."

"नाव वाचा की."

साळुबाईंनी वाचले आणि शांतपणे त्यावर पुरी सरकवली. "आमच्या जावंनी यातनं बारशाचं लाडू धाडलं व्हतं. तिला इचारा."

जाऊबाईंनी मंचरच्या नणंदेकडे बोट केले. नणंदेने आपल्या व्याह्यांकडे केले. लंकाबाई बुंदीची बादली घेऊन बोटामागे बोट अशी निघाली. ती पुढे जाईल तसतशी माणसे आपापल्या ताटात वाकून बघू लागली.

सुदर्शनराव पानावरून अर्धे उठले. मुलीच्या सासूला भर पंगतीत चोर ठरवले, तर वऱ्हाड उठायला कितीसा वेळ लागतो? "आक्के, एका ताटापायी सोयरीक मोडतीस का?"

"माज्या मामाचं ताट हाय ते."

ते पुढे बोलणार, तोच त्यांची नजर आपल्या ताटावर पडली. 'सौ. साळुबाई (आळे) हिस माहेरची भेट.'

"भात," ते वाढप्याला म्हणाले. "हितं, मधी."

मसालेभाताने साळुबाई झाकली. पण अक्षदा शालू सावरत पंगतीतून फिरतच होती. "आप्पा, भात टाकायचा नाही."

"टाकत न्हाई. खातोय."

खाता खाता डोंगराखालून 'सौ.' निघाला, मग 'सा'. त्यांनी पुन्हा भात मागितला. एव्हाना पंगतभर तीच मागणी सुरू होती. डॉक्टरांनी भात बंद केलेली माणसेही भात मागत होती, आणि प्रत्येकाला तो मधोमधच हवा होता. आचाऱ्याने तिसरे पातेले चढवले. आपल्या हाताला इतकी चव आहे हे त्याला त्या दिवशी कळले.

शेवटी चालून दमलेली लंकाबाई स्वतः जेवायला बसली. तिने पिशवीतून ताट काढले आणि मधोमध पाहिले.

"भात वाढ, भाऊ," ती वाढप्याला म्हणाली. "अन् साळुबाईंना बुंदी घाल. त्यांच्या पानात कमी पडली."

सोयरीक वाचली. लंकाबाई आणि साळुबाई एकमेकींना घास भरवताना फोटोत दिसतात, ताटे मात्र फोटोत नाहीत. सुदर्शनराव पुढचे दोन दिवस आडवे होते, पण समाधानाने.

लग्नात एक बाटली, एक कागदी कप, भाताचे एक शीतही वाया गेले नाही. फक्त ताटे राहिली. धुतली तर नाव चारचौघांत निघणार, म्हणून पाहुण्यांनी ती पालथी घालून पोबारा केला. कार्यालयवाल्याने 'आपले नाव ओळखून घेऊन जावे' अशी पाटी लावली, पण कोणी फिरकले नाही. ज्यांनी आणली त्यांची नावे नाहीत, आणि ज्यांची नावे आहेत ते तोंड उघडायला तयार नाहीत.

वाचकांपैकी कोणाचे ताट त्यात असेल, तर खुशाल घेऊन जावे. येताना फक्त तुमच्या माळ्यावरचे ते एक ताट सोबत आणा. कोणते, ते तुम्हाला ठाऊक आहे.