खिडकीपुढची डोसागाडी

शिवलिंगअप्पा कुणाच्याही घरी गेले, की आधी दारातल्या गाडीचं चाक अंगठ्यानं दाबून बघतात. मग चपला काढतात. आमच्या मुलीच्या साखरपुड्यात त्यांनी पाहुण्यांच्या सगळ्या गाड्या तपासल्या आणि होणाऱ्या व्याह्यांना चारचौघांत सांगितलं, "डाव्या अंगाला हवा कमी हाय. माणसं चांगली हायत पण." साखरपुडा पार पडला, हे आमचं नशीब.

अप्पा आमचे लातूरचे शेजारी. जन्मभर एस.टी. चालवून निवृत्त झाले. कपाळावर विभूती, खांद्यावर टॉवेल, आणि कुठंही इंजिन सुरू झालं की मान तिरकी. "गाडी बोलून राहिलीय, तुम्ही ऐकून नाही राहिले," असं ते मला माझ्या स्कूटरबद्दल रोज सुनावतात. त्यावर आतून त्यांच्या बायकोचा, काशीकाकूंचा आवाज येतो, "मी पण बोलून राहिलेय म्हणावं."

गेल्या हिवाळ्यात कॉलनीच्या मैदानावर फूड ट्रकचा मेळा भरला. ट्रक येणार म्हणजे आपल्यालाच बोलावणं, असं समजून अप्पा दुपारीच शिट्टी घेऊन हजर. एकेक गाडी त्यांनी ओरडून ओरडून रांगेत लावून घेतली. संध्याकाळी मी पोचलो, तर लोक मोमोच्या रांगेत आणि अप्पा मोमोच्या गाडीखाली. नुसते पाय दिसत होते.

"अप्पा, काही खाल्लं का?"

"खायचं काय? खाली ऑइल गळून राहिलंय अन् हा वरून चीज टाकून राहिलाय!"

पास्तावाल्याला त्यांनी विचारलं, "ही चालते, का नुसती उभी राहते?"

"काका, महिन्यातून एखाद्या वेळेस हलते."

अप्पांनी बॉनेटवर हात ठेवला. तापानं फणफणलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवावा, तसा.

शेवटी उभी होती नायगावच्या पल्लवीची डोसागाडी. गाडी तिचीच, चालवायची पण तीच. अप्पांनी सगळी चाकं दाबली. बोट कुठंच शिरलं नाही. आता पुढच्या तपासणीला निघतील असं मला वाटलं, पण ते तिथंच घुटमळले. टॉवेल या खांद्यावरून त्या खांद्यावर गेला.

"बाई," ते हळूच म्हणाले, "गाडी जरा आमच्या गल्लीत येईल का? आमच्या मंडळीचे गुडघे गेलेत. कधीची पायरी उतरली न्हाई."

"अप्पा, पार्सल नेऊ की," मी म्हणालो.

"पार्सल म्या रोजच नेतो. तिला मेळा बघायचाय. सकाळपासून विचारून राहिली, कोणत्या कोणत्या गाड्या येणार." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "म्या साऱ्या जिल्ह्याला जत्रेला नेऊन आणलं. हिला मातर दरवेळी म्हणलो, सीटा भरल्यात, मागच्या गाडीनं ये."

पल्लवीनं गॅस बंद केला आणि किल्ली त्यांच्या हातात दिली.

आमच्या गल्लीत शिरताना रिक्षावालासुद्धा विचार करतो. अप्पांनी ते धूड उलटं आत घेतलं आणि काकूंच्या खिडकीला डोशाची खिडकी लावली. ज्यांच्या डोशांच्या ऑर्डरी राहिल्या होत्या, ती माणसं मागोमाग आली. त्यांच्या मागं कॉलनीतल्या बाया आल्या. बघता बघता निम्मा मेळा गल्लीत.

काकू फलक वाचू लागल्या. "ते चीज बर्स्ट म्हणजे काय गं? अंगावर फुटतंय का?"

"नाही आजी, तोंडात," पल्लवी म्हणाली.

"मग दे एक. अन् त्याच्या खालचं काय हाय?"

फलक संपेपर्यंत चौकशी चालली. रांगेतलं कुणी कुरकुरलं नाही. डोसा हातात आला, तेव्हा कुठं काकूंचं लक्ष गर्दीकडं गेलं. कुणी हात हलवत होतं, कुणी "काकू, कशा आहात?" विचारत होतं.

"अगंबाई! ही सगळी माणसं कुठून आली?" त्या गोंधळल्या. मग ड्रायव्हरच्या सीटकडं बघून ओरडल्या, "आधी सांगायचं न्हाई का हो? चांगली साडी तरी नेसले असते!"

अप्पा अजून स्टीअरिंगवरच होते. समोरच्या भिंतीकडं बघत ते म्हणाले, "हीच चांगली हाय की."

काकूंनी पदर सारखा केला. डोसा निवत आला, तरी तसाच हातात होता.