फोकसचे समान वाटप

आवक-जावक विभागातल्या बाई महिनाअखेरीस निवृत्त होणार असल्याचे कार्यालयाच्या निदर्शनास आले आणि कार्यालयाने त्याची रीतसर दखल घेतली. निरोप समितीने बाईंना भेटवस्तूविषयी विचारणा केली. बाई म्हणाल्या, "घड्याळ नको, पेन नको. माझा एक धड फोटो काढून द्या. डोळे उघडे असलेला."

मागणी अवाजवी नव्हती. सभागृहाच्या भिंतीवर कार्यालयाचे झाडून सगळे फोटो टांगलेले होते आणि बाई त्यातल्या प्रत्येकात होत्या. एकात डोळे मिटलेल्या, एकात मुकादमांच्या कोपरामागे, तर एकात नुसत्याच पाठमोऱ्या, कारण कुणालातरी खुर्ची कमी पडली होती आणि ती आणायला त्या वळल्या होत्या. परदेशातल्या लेकीने नातवाला आजी दाखवायला फोटो मागितला, तेव्हा बाईंना मुकादमांचे कोपर आणि स्वतःचे कपाळ एवढेच पाठवता आले होते. नातू कोपरालाच आजी म्हणायला लागला, असे त्या हसत सांगायच्या. सांगून झाल्यावर मात्र पुढचे टपाल उगाच जोरात आपटायच्या.

काम लेखापालांकडे आले, कारण त्यांच्याकडे कॅमेरा होता. त्यांच्या फोटोंत मागच्या कपाटाचे कुलूप अगदी ठसठशीत यायचे आणि पुढचा माणूस धुक्यात जायचा. म्हणून कार्यालयाने त्यांना प्रशिक्षणाला धाडले. तिथल्या स्टुडिओवाल्याने त्यांना मोजक्याच गोष्टी शिकवल्या: माणसाला खिडकीशी बसवा, जवळच्या डोळ्यावर फोकस धरा, उजेड चेहऱ्यावरचा मोजा, भिंतीवरचा नको, आणि बटण दाबताना श्वास रोखा. लेखापालांनी घरी सासूबाईंवर सराव केला. फोटो इतका स्पष्ट आला, की सासूबाईंनी तो कुणाचा आहे म्हणून विचारले आणि उत्तर ऐकल्यावर जेवायच्या वेळेपर्यंत जावयाशी अबोला धरला. आपण तयार झालो, हे लेखापालांना कळले.

ठरल्या दिवशी त्यांनी बाईंना सभागृहाच्या खिडकीशी बसवले. एका गालावर मऊ उजेड होता. डोळ्यातली चमकसुद्धा फोकसमध्ये सापडली. लेखापालांनी श्वास रोखला आणि तेवढ्यात आस्थापना विभागाचे साहेब आत आले.

एकट्या व्यक्तीचा फोटो कार्यालयीन वेळेत काढण्याची तरतूद फक्त कार्यालयप्रमुखांसाठी आहे, असे त्यांनी नम्रपणे लक्षात आणून दिले. तोडगाही त्यांनीच काढला. प्रमुख शेजारी बसले की फोटो नियमात बसतो. प्रमुख बसणार म्हटल्यावर उपप्रमुखांना उभे ठेवणे बरे दिसेना. उपप्रमुख आल्यावर अभियंते आले, मग लेखा शाखा आली आणि शेवटी मुकादम आपल्या दोन्ही कोपरांसह आले. खिडकीशी एवढी माणसे मावेनात, म्हणून सभागृहाच्या आतल्या बाजूला दोन रांगा झाल्या. दर्जातला फरक दिसावा म्हणून रांगांमध्ये ऐसपैस अंतर सोडण्यात आले.

लेखापालांची पंचाईत झाली. एवढ्या अंधुक उजेडात फोकस एकाच अंतरावर नीट बसेल, सगळे स्पष्ट हवे असतील तर अंगणात चला, असे त्यांनी सुचवले. अंगणात गेल्यास कार्यालय बंद असल्याचा समज होईल, अशी हरकत निघाली. सभागृहातल्या निम्म्या दिव्यांच्या दुरुस्तीचा प्रस्ताव अजून विचाराधीन होता. तेव्हा फोकस कुणाला द्यायचा, यावर तिथेच बैठक बसली. प्रमुख म्हणाले, मला वैयक्तिक काही नको, पदाला मिळाला तर बरे. उपप्रमुख म्हणाले, पद कायमचे कुणाचे नसते. मागची रांग म्हणाली, आम्ही काय नेहमी धूसरच राहायचे का?

"तो बाईंना द्यायचा होता," लेखापाल म्हणाले.

"त्या तर जाणारच आहेत," आस्थापनावाले साहेब म्हणाले. "मागे राहणाऱ्यांच्या भावनांचाही विचार व्हायला हवा."

अखेर एकमताने ठरले, की फोकस कुणाही एकाला न देता सर्वांना समान द्यावा. भांडारातून टेप आणून दोन रांगांमधले अंतर मोजले गेले आणि फोकस बरोबर मध्यावर धरण्याचा निर्णय झाला. प्रमुखांचा शर्ट पांढराफेक होता आणि अभियंत्यांचा कोट काळाकुट्ट, म्हणून उजेडही दोघांच्या मधला पकडायचे ठरले. त्या मध्यावर माणूस कुणीच नव्हता. प्रमुखांच्या आणि बाईंच्या खुर्च्यांमधून रबराच्या झाडाची कुंडी तेवढी डोकावत होती.

बाई हळूच म्हणाल्या, "माझे डोळे उघडे आहेत ना, तेवढं बघा हं."

लेखापालांच्या बोटांना फोकस जरासा पुढच्या रांगेकडे सरकवण्याचा मोह झाला. जरासा सरकवला असता तर बाईंचा डोळा सापडला असता. पण शेजारी आस्थापनावाले साहेब टेप धरून उभे होते. लेखापालांनी श्वास रोखला आणि बटण दाबले. बाईंनी तोवर पापणी लवू दिली नव्हती, त्यांच्या डोळ्यांत पाणी आले होते.

निरोपसमारंभात फोटोच्या प्रती वाटण्यात आल्या. प्रत्येकाने आधी स्वतःला शोधले. आपण अस्पष्ट आहोत हे पाहून प्रत्येकाचा चेहरा पडला, मग शेजारीही तितकाच अस्पष्ट आहे हे पाहून उजळला. एकही तक्रार आली नाही. कुंडी मात्र अप्रतिम आली होती. पानांवरच्या शिरा मोजता येत होत्या, एकाही पानावर धूळ नव्हती आणि मातीचा ओलावासुद्धा दिसत होता.

बाईंनी फोटो उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिला. डोळे उघडे आहेत की मिटलेले, ते कळायला मार्ग नव्हता.

"कुंडी छान आलीय," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी मीच पाणी घालायचे तिला. पानंपण पुसायचे."

हे कुणालाच ठाऊक नव्हते. झाड आपोआप वाढते, अशी कार्यालयाची समजूत होती.

त्या फोटोची मोठी प्रत आता सभागृहात लावली आहे. खालची कुंडी पुढच्या महिन्यात वाळली, ती का वाळली याची चौकशी अजून चालू आहे. तुम्ही हसत असाल तर हसा. फक्त उद्या कामावर गेलात की जिन्याजवळच्या कुंडीला पाणी कोण घालते, तेवढे आठवून पाहा. चेहरा डोळ्यांसमोर नीट येतोय का?