सातांपैकी आठ

उंबरटेक या गावी न्याय नाही, ही गोष्ट गावाला ठाऊक नव्हती. ती प्रथम निदर्शनास आणली सावळाराम कारकुनांनी, आणि तीही पेन्शन सुरू झाल्यावर. तोवर गाव आपलं अडाणीपणानं सुखात नांदत होतं.

गाव शिवरे आणि कापूरहोळच्या मधल्या अंगाला, सडकेपासून जरा आत. भोर संस्थानाची हद्द गावाच्या अलीकडे संपते की पलीकडे, याबद्दल दोन्हीकडच्या तलाठ्यांत मतभेद असल्यामुळे साऱ्याची मागणी वेळेवर येई आणि एरवी कुणी फिरकत नसे. चैत्रातली भैरोबाची जत्रा हा गावाचा एकुलता एक मोठा कार्यक्रम, आणि त्या जत्रेतली मोठ्यांची लगोरी हा त्यातला कळस.

पोरांच्या लगोरीत पळापळ असते. मोठ्यांच्या लगोरीत नाही, कारण धोतर सावरत पळणं शोभत नाही. देवळापुढं सात चपटे दगड एकावर एक रचायचे, पारावरून उस्मान पिंजाऱ्यानं शिवलेला चिंध्यांचा चेंडू मारायचा, आणि जेवढे दगड पडतील तेवढे आपले. एका माणसाला एक फेक. ज्याचे दगड सर्वांत जास्त, त्याच्या दारी त्या संध्याकाळी देवाची पालखी जायची. एकाच दारी जायची आणि परत देवळात यायची. बाकीच्यांनी देवळात जाऊन पाया पडावं, अशी पूर्वापार चाल होती.

गेली कित्येक वर्षं पालखी रखमाजीच्या दारी येत होती. रखमाजीचा सगळा जन्म जोंधळ्याच्या राखणीला माळ्यावर उभा राहून गोफण फिरवण्यात गेला होता. कणसावर दाणे टिपणारा होला उठवायचा तर कणसाला धक्का न लावता उठवायचा, असा त्याचा हात. त्याला सात दगड म्हणजे डोळ्यांपुढची भिंत. तो चेंडू मारायचा, सातही दगड पडायचे, पालखी वळायची आणि त्याच्या ओट्यावर बसलेली त्याची आई बाळाबाई हात जोडायची. बाळाबाईचे पाय गेले होते. देवळात उचलून नेतो म्हटलं की ती फणकारायची, "मला गठुड्यागत न्यायचं न्हाई. देव दरसाल येतोय, औंदाबी यील."

हे सगळं पुण्याची कचेरी सोडून गावी परतलेल्या सावळारामतात्यांनी पेन्शनीत पहिल्यांदा पाहिलं आणि त्यांना झोप लागेना.

"एकच इसम दरवर्षी जिंकतो," ते पारावर म्हणाले, "यावरून काय सिद्ध होतं?"

"त्याचा नेम चांगलाय," गेनबा सुतार म्हणाला.

"इतरांवर अन्याय होतो, हे सिद्ध होतं. कोंडिबाची काय चूक? त्याचा नेम वाईट आहे, हा त्याचा गुन्हा आहे काय?"

कोंडिबा तिथंच तंबाखू मळत बसला होता. त्याचा चेंडू एकदा देवळाच्या घंटेला आणि एकदा गुरवाच्या पाठीत बसला होता. दगडांना कधी नाही. आपल्यावर अन्याय होतो आहे हे त्याला त्या क्षणी कळलं, आणि त्याचे डोळे भरून आले.

तात्यांनी मग पुण्याच्या घोड्यांच्या शर्यतीचा दाखला दिला. तिथं जो घोडा जास्त पळतो त्याच्या खोगिरात शिसं घालतात, म्हणजे मागचे घोडेही आशेनं पळतात.

"म्हंजी मला शिसं बांधणार व्हय?" रखमाजीनं विचारलं.

"छे, छे! आपण सुधारलेले लोक आहोत. तुमच्याकडून काहीएक घेतलं जाणार नाही. फक्त इतरांना दिलं जाईल."

अशा रीतीनं 'लगोरी समन्याय समिती' स्थापन झाली. अध्यक्ष सावळारामतात्या; सभासद नेमण्याचा अधिकार अध्यक्षांना, आणि तो त्यांनी राखून ठेवला. नियम सोपा होता. दिवाळीपासून जत्रेपर्यंत दर बाजाराच्या दिवशी सगळ्यांनी सरावाची फेक करायची. गावातल्या उत्तम माणसापेक्षा ज्याचे जेवढे दगड कमी पडतील, तेवढी त्याला जत्रेत सूट. रखमाजी दर खेपेला सात पाडायचा, सबब त्याला सूट नाही. कोंडिबा एकही पाडत नसे, सबब त्याला सूट सात.

जत्रा आली. रखमाजीनं सातही पाडले. गावानं सवयीनं आरोळी ठोकली. मग कोंडिबा आला, त्यानं डोळे मिटून भैरोबाचं नाव घेतलं आणि चेंडू सोडला. चेंडू जमिनीवर आपटला, उसळला आणि वरच्या दगडाला जेमतेम शिवला. दगड विचार करत करत खाली आला.

"पाडलेला एक, सूट सात," तात्यांनी जाहीर केलं. "एकूण आठ. कोंडिबा विजयी."

उस्माननं डोकं खाजवलं. "तात्या, दगड तर सातच हायती. आठवा कुठनं पडला?"

"तो नियमानं पडला," तात्या म्हणाले.

पालखी कोंडिबाच्या दारी गेली. रखमाजी घरी आला तेव्हा आई ओट्यावर हळदीकुंकवाचं तबक मांडीवर घेऊन बसली होती.

"ढोल तिकडं का गेला रं?"

"औंदा देव कोंडिबाकडं गेला, आये."

"कोंडिबाकडं?" म्हातारीला ते काही केल्या पटेना. "त्याला तर घराचं कवाडबी नेमानं सापडत न्हाई." ती त्या रात्री जेवली नाही. रखमाजीनंही भाकरी टोपल्यात तशीच राहू दिली. देव आपल्यावर रुसला असता तर त्याची समजूत काढता आली असती. इथं देव नियमाप्रमाणे गेला होता, आणि त्याला काय म्हणावं हे रखमाजीला कळत नव्हतं.

गावानं मात्र धडा घेतला. जिंकायचं तर जत्रेच्या आधी हरायला हवं, एवढं न कळण्याइतकं उंबरटेक मागासलेलं नव्हतं. दिवाळीनंतरच्या पहिल्याच बाजाराला सगळ्या गावाचा नेम एकदम बिघडला. एरवी चार-पाच दगड सहज पाडणाऱ्या गेनबाचा चेंडू उकिरड्यात गेला. कुणाच्या खांद्यात चमक भरली, कुणाला समोरचं दोन-दोन दिसू लागलं. एकानं तर पाठमोरं उभं राहून फेक केली. 'दिशेबाबत गैरसमज' असा शेरा मारून समितीनं ती मान्य केली.

पण तात्या काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. चूक प्रामाणिक आहे किंवा कसे, हे ठरवण्यासाठी तज्ज्ञ हवा, असं त्यांनी ठरवलं आणि कोंडिबाला समितीवर सल्लागार नेमलं. चुकण्यात त्याचा अधिकार वादातीत होता. तो पारावर मांडी घालून बसायचा आणि एकेका फेकीकडं बघून मान हलवायचा. "ह्यो चुकला न्हाई, चुकवलाय," किंवा "हां, ही चूक मनापासनं झाली." त्यामुळं लोकांना आता मनापासून चुकायला शिकणं भाग पडलं.

एकदा गेनबाचा चेंडू थेट तात्यांच्या टोपीवर बसला. टोपी उडाली.  तात्या लाल झाले, आणि मग विचारात पडले. मुद्दाम मारला म्हणावं, तर गेनबाचा नेम उत्तम ठरतो आणि त्याची सूट जाते. मग तो सूट परत मिळावी म्हणून अर्ज करणार. चुकून लागला म्हणावं, तर रागावण्याचा हक्क उरत नाही. अखेर त्यांनी 'प्रामाणिक चूक' असा निर्णय दिला आणि डोक्याला उपरणं गुंडाळून काम पुढं चालू ठेवलं. न्याय करणाऱ्याला सोसावं लागतं ते असं.

आता रखमाजीचं ऐका. या सगळ्यात खरी पंचाईत झाली ती त्याची, कारण त्याला चुकताच येत नव्हतं. दिवाळीच्या आधीच, अश्विनात, तो गुपचूप कोंडिबाकडं गेला.

"मला तुज्यासारखं चुकायला शिकीव," तो म्हणाला.

कोंडिबा भला माणूस. त्यानं पालखी मिरवल्याबद्दल आधी दहादा माफी मागितली आणि मग गंभीरपणे शिकवायला बसला. "रखमाजी, तू बघतोस. बघतोस म्हनून लागतं. दगडाकडं बघायचंच न्हाई. घरचं काय तरी आठवायचं. म्या म्हशीचं आठवतो."

रखमाजीनं माळ्यावर उभं राहून सराव सुरू केला. होला दिसला की तो म्हशीचं आठवायचा आणि गोफणीतला दगड बाजूनं जाऊ द्यायचा. पहिले काही दिवस हात ऐकेना. मन म्हशीत आणि दगड नेमका होल्याशेजारच्या जोंधळ्याच्या ताटावर, की होला भुर्रकन उडे. पण माणसानं मनावर घेतलं तर काय होत नाही? हळूहळू दगड शिताफीनं पाखरांना वळसा घालू लागले. पाखरांना हे कळायला फार वेळ लागला नाही. ती माळ्याच्या खांबावर येऊन बसू लागली.

कणसं घरी आली तेव्हा निम्म्यात दाणा नव्हता. त्याची बायको रतनबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"पाखरांस्नीबी सूट दिलीया का तुमी?"

"आईसाठी करतोय," रखमाजी म्हणाला. "पालखी दारात आली पायजे."

 रतनबाईनं रिकामी कणसं बैलापुढं टाकली.

दिवाळीनंतर रखमाजीनं एकाही बाजाराला एकही दगड पाडला नाही. चेंडू दगडांजवळून जाई, पण लागत नसे. कोंडिबानं दर वेळी भरल्या गळ्यानं "मनापासनं, अगदी मनापासनं" असा निर्वाळा दिला. एक उस्मान तेवढा चेंडू परत आणून देताना हळूच म्हणाला, "रखमाजी, हात मोडला असता तर बरा झाला असता. ह्ये बरं व्हायचं न्हाई."

जत्रेच्या आदल्या दिवशी तात्या सूट जाहीर करायला पारावर उभे राहिले. गाव कान टवकारून बसलं. ज्यानं त्यानं मनात सात दगड आधीच मोजून ठेवले होते.

"उत्तम माणसापेक्षा जेवढे कमी, तेवढी सूट," तात्यांनी नियम वाचला. "यंदा गावातला उत्तम माणूस..." ते थांबले. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "यंदा गावातल्या उत्तम माणसाचे दगड शून्य. इतरांचेही शून्य. सबब सर्वांस सूट शून्य. गावात संपूर्ण समता प्रस्थापित झाली आहे."

लोकांनी बोटांवर हिशेब मांडून पाहिला. मग एकेकाच्या मिशीत हसू फुटू लागलं. प्रत्येकाला वाटत होतं, नाटक फक्त आपण करत होतो. बाकीचे खरोखरच बिघडले. उद्या सरळ मारायचं आणि पालखी घरी न्यायची. रखमाजीला तर गगन ठेंगणं झालं. तो घरी जाऊन म्हणाला, "आये, तबक घासून ठेव. उद्या देव येतोय."

दुसऱ्या दिवशी दगड रचले. गेनबानं नेम धरला, श्वास रोखला, आणि चेंडू सवयीनं उकिरड्यात गेला. त्याला स्वतःलाच खरं वाटेना. त्यामागून एकेक जण आला, दात-ओठ खाऊन मारू लागला आणि चुकू लागला. कोंडिबानं मनापासून मारला आणि मनापासून चुकला. वर्षभरात गावात न बदललेला तोच एक माणूस होता.

शेवटी रखमाजी उभा राहिला. ढोल थांबले. पालखीचे भोई दांडी खांद्यावर घेऊन तयार होते, कारण आता तिढा सुटणार हे सगळ्यांना कळलं होतं. त्यानं दगडांकडं बघितलं. बरोबर त्याच वेळी त्याला म्हैस आठवली. त्यानं ती मनातून हाकलली, पुन्हा बघितलं, पुन्हा आठवली. चेंडू हातातून सुटला, सरळ गेला, आणि दगडांपाशी पोचल्यावर शिकवल्याप्रमाणे अदबीनं बाजूनं निघून गेला.

सात दगड जागच्या जागी होते. रखमाजी आपल्या हाताकडं बघत राहिला. तो परक्या माणसाचा हात असावा, तसं त्याला वाटलं.

"तात्या," तो तोच हात पुढं करून म्हणाला, "आनखी एक फेक द्या. आईसाठी. सूट म्हनून द्या."

"सूट शून्य आहे," तात्या म्हणाले. त्यांनाही वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी ते जरा हळू म्हटलं.

गुरवानं विचारलं, "मग पालखी कुनाकडं न्यायची?"

"सर्व सारखे, तेव्हा हक्कही सारखा. सर्वांकडे जावी, किंवा कोणाकडेच नाही."

"मंग जाऊ की समद्यांकडं!" उस्मान म्हणाला. "गाव केवढंसं!"

कल्पना चांगली होती. पण आधी कुणाकडं, हा प्रश्न निघाला. गेनबा म्हणाला माझ्याकडं, कारण मी पहिला चुकलो. दुसरा म्हणाला माझ्याकडं, कारण माझा चेंडू सर्वांत लांब गेला. जो पहिला, त्याला बाकीच्यांपेक्षा जास्त मिळणार, हे तात्यांनी समजावून सांगितलं आणि ते सगळ्यांना पटलं. मग हात वर करायला सांगितले. शेजाऱ्याकडं आधी जावी याच्या बाजूनं एकही हात वर झाला नाही. अंधार पडायच्या आत पालखी फिरली आणि समन्यायानं देवळात परत गेली.

रखमाजी जड पावलांनी पारावरून निघाला आणि घरी आला. आई ओट्यावर होती, घासलेलं तबक मांडीवर.

"देव कुनाकडं गेला रं?"

"कुनाकडंच न्हाई, आये. देवळातच हाय."

म्हातारी पुढं वाकली. "कोंडिबाकडंबी न्हाई?"

"न्हाई."

"गेनबाकडं?"

"न्हाई म्हनलं की."

"मंग बरं झालं," बाळाबाई म्हणाली. तिनं तबक बाजूला ठेवलं आणि रतनबाईला भाकरी वाढायला सांगितली. त्या रात्री ती पोटभर जेवली. रखमाजी तिच्याकडं बघत होता, आणि त्याला कानकोंडं झालं. कारण पारावरून घरापर्यंत येताना त्याच्याही मनात हेच आलं होतं, आणि त्या विचारानंच त्याची पावलं शेवटी शेवटी हलकी झाली होती. त्यानंही दोन भाकरी खाल्ल्या.

उंबरटेकात आजवर एवढा न्याय कधी झाला नव्हता, असं सगळं गाव म्हणतं. म्हातारीला हसायचं तर खुशाल हसा. फक्त आपल्याला न मिळालेली वस्तू शेजाऱ्यालाही मिळाली नाही, हे जेव्हा आपल्या कानावर आलं, त्या रात्री आपण किती भाकरी खाल्ल्या, तेवढं आठवून मग हसा.