परग्रहावरून आलेलं हँडल

दाढ काढायची ती शनिवारी दुपारीच, असं मी ठरवलं. हिशेब सोपा होता. दाढ काढली की संध्याकाळपर्यंत बोलता येत नाही, आणि त्या संध्याकाळी मला नाहीतरी बोलायचंच नव्हतं. एका दगडात दोन पक्षी. (माझा दगड आजवर एकाही पक्ष्याला लागलेला नाही. जेव्हा लागला तेव्हा मलाच. पण ते असो.)

बोलायचं का नव्हतं ते सांगतो. आमचा विज्ञानकथांचा एक क्लब आहे. दर शनिवारी चार वाजता आम्ही सात जण कुणाच्या तरी घरी जमतो, वाचलेल्या कथांवरून भांडतो, चहा पितो, आणि पृथ्वीचं भवितव्य ठरवून भाजी घेत घरी जातो. नदीपलीकडे असाच एक क्लब आहे. दोघांमध्ये दरवर्षी 'प्रथम संपर्क' नावाची स्पर्धा असते. क्लबातल्या एकाने परग्रहवासी व्हायचं. त्याच्याकडे एक निरोप असतो, पण माणसाची भाषा किंवा लिपी त्याला येत नाही. बाकीच्यांनी तो निरोप ओळखायचा. जो क्लब कमी वेळात ओळखेल त्याला ढाल. पलीकडच्यांनी गेल्या वर्षी अडतीस मिनिटांत ओळखला होता. आमचा परग्रहवासी त्या वर्षी 'आमच्याकडचं पाणी संपलंय' असं जीव तोडून सांगत होता, आणि आम्ही दीड तासाने 'तो लग्नाची मागणी घालतोय' असं उत्तर दिलं होतं. ढालीवर आमचं नाव एकदाही कोरलेलं नव्हतं.

यंदा स्पर्धेची बैठक माझ्याकडे होती आणि परग्रहवासीही मीच होतो. अडीच वाजता डॉक्टरांनी भूल देऊन दाढ काढली, गालात कापसाचा बोळा कोंबला आणि गप्प राहायला सांगितलं. आरशात पाहिलं तर अर्धा चेहरा खाली ओघळलेला. मेकअपचा प्रश्नच मिटला. वरून हिरवी चादर गुंडाळली, पोहण्याचा चष्मा लावला आणि स्वयंपाकघरात दबा धरून बसलो. बायको इस्पितळात हेड नर्स आहे. ती पाचनंतर येणार होती. घरात माझ्याखेरीज फक्त सासरे होते. आठ दिवसांसाठी आलेले.

सासरे म्हणजे गणिताचे निवृत्त शिक्षक. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कधी आवाज चढवला नाही. वर्गात गडबड झाली तर ते टेबलावर डस्टर आपटत आणि वाट बघत. माझ्याशीही ते साधारण तसंच वागतात, फक्त डस्टर नसतो.

चार वाजले. बाहेरच्या खोलीत मंडळी जमली. मी एंट्री घेणार, एवढ्यात मागून टकटक ऐकू आली. गॅलरीच्या बंद दारामागे, काचेपलीकडे सासरे उभे होते. वाळलेले कपडे काढायला गेले असताना वाऱ्याने दार लागलं होतं. त्या दाराला बाहेरून हँडल नाही. आतलं आहे, पण ते तीन महिने सैल होतं आणि बायकोने ते बसवून घ्यायला मला पंधरा वेळा सांगितलं होतं. मी धावत जाऊन हँडल फिरवलं. ते अख्खं माझ्या हातात आलं. त्यातली दांडी पलीकडे पडली आणि घरंगळत कठड्याखालून तीन मजले खाली गेली.

मी काचेतून सासऱ्यांना हाताने 'थांबा' अशी खूण केली. (ते दुसरं काय करणार होते?) हिरवी चादर, पोहण्याचा चष्मा आणि वाकडं तोंड अशा अवतारातल्या जावयाकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. ऊन थेट त्यांच्या डोक्यावर होतं. वय अठ्ठ्याहत्तर.

नशिबाने आमच्या क्लबात एक लिफ्ट मेकॅनिक आहे. असलं दार उघडणं हा त्याच्या डाव्या हाताचा मळ. मी हँडल घेऊन तसाच बाहेरच्या खोलीत धावलो.

टाळ्यांचा कडकडाट झाला.

मी हँडल मेकॅनिकच्या तोंडासमोर नाचवलं. तो घेणार तोच निवृत्त पोस्टमास्तरांनी त्याला अडवलं. परग्रहवासी भेटवस्तू घेऊन आलाय, ती सर्वांत वडील माणसाने स्वीकारायची असते, असं म्हणत त्यांनी उभं राहून दोन्ही हातांनी हँडल घेतलं, वाकून नमस्कार केला आणि परतभेट म्हणून मला एक बॉलपेन दिलं. मी आनंदाने पेन उघडून वर्तमानपत्रावर लिहायला लागलो. आमच्या चिटणीस म्हणजे ग्रंथपालबाई. त्यांनी पेन माझ्या हातातून अलगद काढून घेतलं आणि लिपी न येण्याच्या नियमाची आठवण करून दिली. मोबाइल तर त्यांनी चार वाजायच्या आतच सगळ्यांचे गोळा करून पिशवीत टाकले होते.

मग मी नियम, क्लब, ढाल सगळ्यांवर पाणी सोडलं, कापसाचा बोळा थुंकला आणि सरळ मराठीत ओरडलो, 'सासरे गॅलरीत अडकलेत.' म्हणजे माझा बेत तरी तसा होता. भुलीने जीभ बधिर झालेली. तोंडातून निघालं ते 'हाहये हॅययीय अयययेय.'

ग्रंथपालबाईंनी ते लिहून घेतलं आणि पुन्हा म्हणायला सांगितलं. मी पुन्हा म्हटलं. दोन्ही वेळा शब्द तेच आणि तसेच आले, तेव्हा ही खरीखुरी, व्याकरण असलेली भाषा आहे, असं त्यांनी जाहीर केलं. पोस्टमास्तरांचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत इतकं मन लावून कुणी परग्रहवासी केला नव्हता म्हणे.

शेवटचा उपाय म्हणून मी मेकॅनिकचं मनगट धरलं आणि त्याला स्वयंपाकघराकडे ओढू लागलो. तो बिचारा येतही होता. पण अपहरण, अपहरण असं म्हणत पाच जणांनी त्याची कंबर धरली. थोडा वेळ रस्सीखेच चालली. माझी चादर सुटली आणि मी हरलो.

इतक्यात आतून ठकठक ऐकू आली. सासऱ्यांना कपडे धुवायचा ब्रश सापडला होता. सगळे एकदम शांत झाले. दोन ठोके. मग थांबून तीन. मग पाच, मग सात, मग अकरा. ग्रंथपालबाई ठोके वहीत टिपत होत्या. या मूळ संख्या आहेत, म्हणाल्या. एकने आणि स्वतःनेच भाग जाणाऱ्या. बुद्धिमान जीव असाच संदेश पाठवतो, हे आपण दर शनिवारी बोलत आलोय. मी आत संदेश पाठवणाऱ्या मातृयानाचीसुद्धा सोय केलीय, याबद्दल त्यांनी माझ्या अभिनंदनाचा ठराव मांडला. तो एकमताने मंजूर झाला. माझं मत कुणी विचारलं नाही.

सव्वापाच वाजता लॅच फिरली आणि बायको आत आली. मी खोलीच्या मध्यभागी, अर्ध्या चादरीत, हात वर करून उभा. तिने माझ्याकडे पाहिलं. मी काहीही केलं नाही. नुसतं पाहिलं.

"बाबा गॅलरीत अडकलेत," ती पर्स खाली ठेवत म्हणाली. "हँडल कुणाकडे आहे?"

पोस्टमास्तरांनी निमूटपणे ते पुढे केलं. मेकॅनिकने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि अर्ध्या मिनिटात दार उघडलं. ग्रंथपालबाईंनी घड्याळ पाहून ठेवलं होतं. अकरा सेकंद.

सासरे आत आले. सव्वा तासात त्यांनी सगळे कपडे घड्या घालून लहानमोठे लावून ठेवले होते. डोकं तापलेलं, पण चित्त शांत. बायकोने त्यांना पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं, नाडी पाहिली. मग त्यांनी मंडळींकडे मोर्चा वळवला.

"मी मूळ संख्या वाजवत होतो," ते म्हणाले. "घरात कुणी शिकलेलं असेल तर कळेल, म्हणून."

"आम्हाला कळल्या होत्या, सर," ग्रंथपालबाई म्हणाल्या.

"मग दार का नाही उघडलंत?"

पोस्टमास्तर आपल्या चपला शोधायला लागले.

पण ग्रंथपालबाई हार मानणाऱ्यांतल्या नाहीत. त्यांनी नियमांची वही काढली. निरोप ऐनवेळी बदलायची परग्रहवाशाला मुभा आहे. सभासदाच्या घरची माणसं सभासदच धरली जातात. आणि वेळ मोजायचा तो ओळखणारी व्यक्ती परग्रहवाशासमोर आल्यापासून. म्हणजे अडतीस मिनिटांच्या विक्रमासमोर आमचे अकरा सेकंद. नदीपलीकडच्यांनी अर्थातच हरकत घेतली. तिला उत्तर सासऱ्यांनी लिहिलं. पक्ष, साध्य, सिद्धता अशा क्रमाने दीड पान, आणि शेवटी 'हेच सिद्ध करायचे होते.' पलीकडचे पुन्हा काही बोलले नाहीत. पुढच्या शनिवारी ढाल वाजतगाजत आमच्या घरी आली, सासरे क्लबाचे आजीव सभासद झाले आणि आठ दिवसांचा मुक्काम त्यांनी महिनाभर वाढवला. मेकॅनिकने मला खांद्यावर उचलायचा प्रयत्नही केला. आयुष्यात प्रथमच कुणी माझ्या नावाने टाळ्या वाजवत होतं, आणि सासरे त्यात सामील होते.

विजेत्या क्लबाने परग्रहवाशाचं शास्त्रीय वर्णन ढालीसोबत लावायचं असतं. ते ग्रंथपालबाईंनी सुंदर अक्षरात लिहिलं. 'प्राणी निरुपद्रवी. सतत काहीतरी सांगत असतो. अर्थ लागत नाही. हातात दिलेली वस्तू मोडतो. बुद्धीची लक्षणं आढळली नाहीत. घरातल्या मादीशिवाय एक दिवसही तगणार नाही.'

बायकोने त्याची एक प्रत मागून घेऊन फ्रिजवर चिकटवली आहे. आमच्याकडे येणारा प्रत्येक जण ती उभ्याउभ्या वाचतो, मान डोलावतो आणि पाणी प्यायला बसतो. हे नक्की कुणाचं वर्णन आहे, असं आजवर एकानेही विचारलेलं नाही.