गेरूवर बसविल्या सोन्याची हकीकत

श्रीअग्निनारायण प्रसन्न. शके सोळाशे एकोणसाठ, पिंगल नाम संवत्सरे, चैत्र वद्य पंचमीस प्रातःकाळी राज्याचे तांब्याचे खाणीत आग जाहली आणि आग विझली तरी विषारी वायू कोंडोन राहिला आणि एकवीस माणूस तळाशी अडकले. त्यांत रसशाळेचे दारोगे गिरमाजी अनंत यांचे चिरंजीव सुभानजी. गिरमाजींस बसवेना, उभे राहवेना. मग त्यांनी तोंडास बांधावयाचे तोबरे शिवविले आणि आत वाळू आणि वाळूवर सोन्याचे अतिसूक्ष्म कण घातले, की विष त्यावरून जाता निर्विष व्हावे. त्यातून खाणीतील वायू मैनेचे पिंजऱ्यात सोडिला, तो मैनेने मान टाकिली. महाराज बोलिले, "सोने कमी पडले. आणखी घाला." दरबारी माना डोलल्या, गिरमाजींस पटले नाही, तरी हुकूम मानिला. मग सोने वाढवोन कडक आचेवर पक्के केले आणि कण कणास मिळोन गोळे जाहले आणि दुसरी मैनाही गेली. दोन प्रहर उलटले. गिरमाजी पागोटे काढीत, पुन्हा घालीत, उगाच भट्टीभोवती फिरत. तेव्हा मुशी घडविणारी चंद्राई कुंभारीण बोलिली, "दारोगा, सोन्याला कशापायी दोष देताय? त्याला बसाया जागा कसली दिलीया? वाळू कुणाच्या अध्यात न्हाई की मध्यात. ह्यो गेरू घ्या. लोखंडाची माती हाय, वारा पोटात धरती."

मग गेरूवर थोडकेच सोने मंद आचेवर बसविले. सोन्याने विष धरिले आणि गेरूने पोटीचा प्राणवारा दिला आणि दोघांची कड जेथे भिडली तेथेच काम जाहले. मैना पिंजऱ्यात नाचो लागली. दिवाण बोलिले, "आच वाढवा, टिकाऊ होईल." गिरमाजी कडाडले, "पुन्हा गोळे होतील! डोके घ्या, आच वाढविणार नाही!" आणि तोबरा बांधोन स्वतः पहिले उतरले आणि मागोमाग खाणकरी तोबरे घेवोन उतरले आणि वीस माणूस जिवंत निघाले. सुभानजीचे अंग ऊन होते. जवळचा खाणकरी रडत बोलिला, "आत्ताच गेला वो, दारोगा. घटकाबी झाली न्हाई."

महाराज बोलिले, "सोन्याने लाज राखिली." गिरमाजी बोलिले, "महाराज, सोने वाढविण्यातच आमचा पोर गेला."

एवंच, सोने तेच, बैठक पालटली आणि वीस घरी चूल पेटली. एकविसावे घर गिरमाजींचे. तेथे सूनबाईस त्यांनी काय सांगितले, ते लिहिणारास ठाऊक नाही.