पुढे एक, मागे चार

गोटीरामला त्या गाडीतून मिळायचं होतं ते एकंदर एवढंच: एक दुपार. गाडी त्याची नव्हती आणि होणारही नव्हती. देवळाली कॅम्पातल्या बंगल्याचे दारबशेठ शहात्तर सालच्या उन्हाळ्यात वारले. त्यांची लाल, चपटी, दोन माणसांची जर्मन गाडी आता मुंबईच्या पुतण्याकडे, केकीशेठकडे जायची होती. केकीशेठचं पत्र आलं: ‘गाडी नाशिकच्या डीलरकडून दुरुस्त करून घे. बिल मी देईन. रविवारी एकदा चालवून बघ. सोमवारी मी येतो.’

‘एकदा चालवून बघ’ या तीन शब्दांवर गोटीराम आठवडाभर तरंगत होता. अठरा वर्षं तो बंगल्याचा ड्रायव्हर, पण काळ्या मोठ्या गाडीचा. लाल गाडी शेठ स्वतः चालवत. गोटीरामला ती फक्त पुसायला मिळे. त्याची बायको नवसाबाई त्याच बंगल्यात भांडी घासायची, आणि अठरा वर्षांत ती नवऱ्याशेजारी गाडीत एकदाही बसली नव्हती. ड्रायव्हरच्या बायकोला नवरा दिसतो तो फाटकातून बाहेर पडताना, मानेच्या मागच्या बाजूने.

“रविवारी भगूरपर्यंत जाऊ,” तो म्हणाला. “तू पुढं बसायचं.”

“मागं बसते म्हटलं तरी जागा कुठं हाय तिच्यात?” नवसाबाई म्हणाली, पण ट्रंकेतलं अंजिरी पातळ काढून तिने उन्हात घातलं.

नाशिकच्या द्वारका चौकाजवळचा डीलर दामूशेठ. त्याच्याकडे रोजची वर्दळ अँबॅसिडर आणि फियाटची. त्याच्या पुंजाराम मिस्त्रीने लाल गाडीचं पुढचं झाकण उघडलं, आत पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

“शेठ, इंजिनच नाय हो हिला!”

दामूशेठ धावत आला. आत एक स्टेपनी होती. त्याने आधी गोटीरामकडून ‘गाडी इंजिनाविना मिळाली’ असं लिहून घेतलं आणि मग चहा मागवला. चहा येईपर्यंत गोटीरामने मागचं झाकण उघडून इंजिन दाखवलं.

“पाठीत?” पुंजाराम म्हणाला. “म्हणजे बैल गाडीच्या मागं जुंपलाय की!”

शनिवारी गाडी तयार झाली. पुंजारामने गिअरची पेटी खोलली, धुतली, पुसली, तेल भरून परत बसवली. फक्त आतलं एक मोठं दातेरी चाक उलट्या बाजूने बसलं. गोटीरामने पहिला गिअर टाकला. गाडी मागे जाऊन ऑइलच्या पिंपाला टेकली. दुसरा टाकला. गाडी मागेच गेली, जरा जोमाने. रिव्हर्स टाकला तेव्हा कुठे पुढे सरकली, तीही कण्हत.

“शेठ, ही पुढं एक अन् मागं चार चालते.”

दामूशेठने डोळे मिटून विचार केला. “स्टिअरिंग कुठल्या बाजूला आहे?”

“डावीकडं.”

“इंजिन?”

“मागं.”

“मग गिअर तेवढे आपल्यासारखे कसे असतील? त्यांच्याकडे सगळं उलटंच असतं, गोटीराम. तुला सवय नाही.”

“पण आमचे शेठ चालवायचे तेव्हा पुढं जायची.”

“ते विलायतेत शिकलेले.”

खरं उत्तर पुंजारामकडे होतं, पण तो एव्हाना एका फियाटखाली शिरला होता.

पुढच्या एकुलत्या एक गिअरमध्ये गोटीराम द्वारकेहून निघाला आणि तीन तासांनी देवळालीत पोचला. वाटेत कांद्याच्या दोन बैलगाड्या त्याला मागे टाकून गेल्या. दुसऱ्या गाडीवाल्याने वळून बघितलं आणि बैलांना जरा सबुरीने घेतलं. इंजिन इतकं तापलं होतं की फाटकापाशी त्याच्यावर भाकरी शेकून निघाली असती. 

रविवारी दामूशेठचं दुकान बंद. नवसाबाई अंजिरी पातळ नेसून, अबोलीचा गजरा माळून पायरीवर उभी.

“आज नाय जमायचं,” गोटीराम तिच्याकडे न बघता म्हणाला. “गाडी नीट फक्त मागं जाते.”

नवसाबाईने फाटकाकडे पाहिलं. गाडीचं तोंड बंगल्याकडे होतं, पाठ रस्त्याकडे.

“मग मागं गेल्यावर भगूर लागत नाय का?”

गोटीरामने हिशोब केला. लागत होतं.

ती बसली. त्याने पहिला टाकला आणि गाडी फाटकातून हलकेच बाहेर तरंगली. मागचं दिसायला गोटीरामला उजवीकडे वळावं लागलं. उजवीकडे नवसाबाई. आधाराला हात तिच्या सीटच्या पाठीवर ठेवावा लागला.

“अहो, हात काढा. लोकं बघत्यात.”

“हात काढला तर गाडी नालीत जाईल.”

“मग राहू द्या.”

अठरा वर्षं तो सरळ समोर बघत आला होता. मागे कोण हसलं, कोण रडलं, हे ऐकू न आल्यासारखं करायचं हीच त्याची नोकरी. आता त्याने दुसरा टाकला आणि त्याच्या डोळ्यांपुढे मागची काच, काचेत रस्ता, आणि रस्त्याच्या अलीकडे एक अबोलीचा गजरा होता. नवसाबाईच्या समोरून बंगला मागे हटत लहान झाला. लॅम रोडची झाडं तिच्या खांद्यामागून गुपचूप निघत, समोर येत, आणि मग सावकाश दूर जात. एष्टीत बसलं की पुढचं अंगावर येतं. इथे काहीच अंगावर येत नव्हतं. गेलेलं तेवढं दिसत होतं, आणि तेही कसं शहाण्यासारखं पाठ न फिरवता निरोप घेत होतं.

“झोपेत चालल्यावानी वाटतंय,” ती म्हणाली.

“तिसरा टाकू?”

“टाका. पन हळू.”

कॅम्पाच्या नाक्यावर वाल्मीक हवालदाराने शिट्टी मारली.

“काय हो, रिव्हर्समध्ये कुठं निघालात?”

“रिव्हर्स नाय साहेब, तिसरा हाय.” गोटीरामने गिअरची मूठ दाखवली. “हे बघा, आकडे कोरलेत.”

हवालदाराने वाकून आकडे तपासले. तिसराच होता. गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूला होती, लायसन बरोबर होतं. वहीत नेमकं काय लिहावं ते त्याला सुचेना.

“तोंड उलटं आहे तुमचं,” तो शेवटी म्हणाला.

“बायकोकडं हाय, साहेब.”

हवालदाराने वही मिटली.

भगूरला त्यांनी भजी खाल्ली, चहा घेतला, आणि गाडी वळवून तशीच पाठमोरी परत आणली. येताना नवसाबाईने हात काढायला सांगितलं नाही.

सोमवारी केकीशेठ आला. गोटीराम बिघाड सांगायला तोंड उघडतोय तोवर त्याने ऐटीत पहिला टाकला आणि गाडीसकट कण्हेरीत गेला. अंगावरची फुलं झटकत त्याने दामूशेठला फोन केला. त्यात मराठी कमी आणि शिव्या गुजराती होत्या. दामूशेठने गाडी फुकट नीट करून द्यायची, असं ठरलं.

“रविवारी पुन्हा चालवून बघ,” असं गोटीरामला बजावून केकीशेठ मुंबईला गेला. गोटीरामची मान चार दिवस उजवीकडेच वळून राहिली. नवसाबाई तिला रोज तेल चोळायची, पण सरळ करायची घाई काही तिला दिसत नव्हती.

पुढच्या रविवारी गाडी बाणासारखी सरळ गेली. दहा मिनिटांत भगूर. गोटीरामचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, डोळे रस्त्यावर, तोंड बंद. नवसाबाईला पुन्हा दिसली ती त्याची एका बाजूची मिशी. भजी त्याच कढईतली होती, पण तिने अर्धी ठेवली.

“कशी वाटली?” घरी आल्यावर त्याने विचारलं.

“बिघडलीय,” ती म्हणाली.

“आगं, आता तर नीट झाली!”



पॉलिश तेवढं राहिलं होतं. केकीशेठचं यायचं आणखी आठवडाभर लांबलं. पॉलिश झालं की रविवारी शेवटचं चालवून बघायचं होतं. म्हणून सोमवारी गोटीरामने गाडी परत दामूशेठकडे सोडली. मंगळवारी नवसाबाई बाजाराला म्हणून बसने निघाली आणि द्वारकेला उतरली. पुंजाराम एकटाच फडकं मारत होता.

“मिस्त्री, ते चाक उलटं बसवायला किती पडतील?”

पुंजारामने इकडेतिकडे बघितलं. “वैनी, ते चुकून बसलं व्हतं.”

“आता मुद्दाम बसवा.”

“मुद्दाम म्हटलं की मजुरी पडते. चाळीस.”

“चुकून फुकट बसवलंत, अन् मुद्दाम चाळीस? आं?”

“चुकायला अक्कल लागत नाय, वैनी.”

तिने पदराची गाठ सोडली आणि पस्तीसवर सौदा पटला.

तर एकूण हिशोब असा. पहिल्या दुरुस्तीचं बिल केकीशेठने भरलं. दुसऱ्या दुरुस्तीची मजुरी दामूशेठच्या अंगावर पडली. तिन्ही रविवारचं पेट्रोल दारबशेठच्या नावावर लिहिलं गेलं, म्हणजे कुणाच्याच नाही. आणि बिघाडाचे पस्तीस रुपये नवसाबाईने भरले. रोख, आगाऊ, पावती न मागता.