मोरेश्वरपंत वृत्तनिवेदक यांनी वरच्या पेठेस पाणी आणिले त्याची हकीकत

श्री. बोलणाऱ्यास वाचा देणारी शारदा आणि ऐकणाऱ्यास वीज देणारे मंडळ, उभयतांस नमस्कार करोन हे लिहिले असे. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, वैशाखमासी नदीकाठच्या एका राज्यात जे वर्तमान जाहले ते ऐकावे. राज्याचे नाव सांगावयाचे कारण नाही.

त्या राज्यात घरोघर तारेवाटे चित्र पोहोचविणारी एक वाहिनी होती. तिचे धनी उत्तमशेठ, आणि राज्याचे नगराध्यक्ष म्हणजे शेठजींच्या सख्ख्या बहिणीचे यजमान, त्यामुळे राज्य आणि वाहिनी एकाच ताटात जेवीत. वाहिनीवर नित्य रात्री आठास बातमी होई आणि ती सांगण्याचा मान मोरेश्वरपंत आठल्ये यांजकडे तीस वर्षे चालत आला होता. पंत वर कोट घालोन बैसत आणि खाली लेंगा असे, परंतु टेबल थोर असल्याने राज्यास तो कधी दिसला नाही. आवाज असा गंभीर की हातातली भाकरी हातातच राही. एरवी मात्र स्वभाव भिडस्त. रस्त्यात कोणी "पंत, आज काय विशेष?" ऐसे पुसिले तर "आठला बघा" एवढेच बोलोन आपल्या पायांकडे पाहात.

आता त्या दरबारची एक रीत सांगणे प्राप्त आहे. बातमी दिसे आठास, पण सांगितली जाई दुपारी चारास. कारण की कॅमेरा एकच, तो इलाही मुजावर यांचे स्वाधीन, आणि इलाहीभाई सायंकाळी तोच कॅमेरा घेऊन लग्नांच्या मोहिमेवर जात. मग जो समारंभ सहास व्हावयाचा तो पंत चारासच उरकीत, आणि "आज सायंकाळी अमुक सोहळा उत्साहात पार पडला" ऐसे सांगून घरी जात, आणि सायंकाळी तो सोहळा खरोखरच तसा पार पडे. पाहुणे उशिरा येत, नारळ दुसऱ्या फटक्यास फुटे, भाषणे लांबत, सारे ठरल्याप्रमाणे. एकदा पाहुणे मुळीच आले नाहीत, तेव्हाही लोक म्हणाले, आले असतील, आपणच लवकर उठलो. इतका पंतांच्या शब्दाचा दरारा.

मग वैशाखात नवी पाणीयोजना सिद्ध जाहली. वरची पेठ टेकाडावर वसलेली, तेथे नळ होते पण पाणी चढत नसे, सारी पेठ टँकरवर जगे, आणि पंतांचे बिऱ्हाडही तेथेच. नगराध्यक्ष सायंकाळी सहास चावी फिरविणार ऐसे ठरले आणि पंतांनी रीतीप्रमाणे चारास सांगितले की वरच्या पेठेत पाणी आले, नागरिकांत समाधानाचे वातावरण आहे. सहास नगराध्यक्षांनी चावी फिरविली. नळातून वारा सुटला, मग एक झुरळ बाहेर पडले, मग वाराही थांबला. टाळ्या वाजून गेल्या होत्या, म्हणोन मंडळी आपापल्या घरी गेली.

आठास पंत आपल्याच घरी आपलीच बातमी पाहात बैसले होते आणि कुटुंब कुमुदिनीबाई नळाखाली कळशी धरोन उभ्या होत्या.

"अहो, पाणी आलं म्हणताय."

"हं."

"कुठं आलं?"

"वरच्या पेठेत."

"आणि आपण कुठं राहतो?"

पंतांनी वाहिनीवरचा आपला आवाज बारीक केला. कुमुदिनीबाई म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत म्हणजे आलंच असेल. मीच कळशी उलटी धरली असेन." इतक्यात शेजारच्या अनसूया मोहिते हंडा घेऊन दारात आल्या आणि म्हणाल्या, "काका, तुमच्याकडं आलंय तर एक हंडा भरून द्या की. आमच्यापर्यंत अजून पोचलं नाही बघा." हे त्या टोमण्याने बोलिल्या नाहीत, भरवशाने बोलिल्या, आणि तेच पंतांस लागले.

दुसरे दिवशी टँकर आला नाही. पेठेतली माणसे नगरपालिकेत गेली तो कारकून म्हणाला, "पाणी आलंय ना तुमच्याकडं? पंतांनी सांगितलं काल." लोक म्हणाले आले नाही, तर तो म्हणाला, "मग तुमचं खरं मानू का पंतांचं?" लोक परत फिरले. पेठ कोरडी पडली, आणि ती पंतांच्या तोंडाने पडली.

मग पंत धीर करोन उत्तमशेठ यांजकडे गेले आणि दुरुस्ती सांगू द्यावी ऐसा अर्ज केला. शेठजी म्हणाले, "पंत, आलं नसेल तर येईल. आपण जरा लवकर सांगितलं, एवढंच."

"टँकर बंद झालाय, शेठ. माणसं तहानलीत."

"आणि दुरुस्ती सांगितली तर दाजी काय म्हणतील? भाऊबीजेला मी कुणाच्या घरी जाऊ?" ऐसे बोलोन शेठजींनी आपला संगणक उघडिला आणि आत यंत्राने घडविलेली एक निवेदिका दाखविली. गोरीपान, हसतमुख, पापणी नेमाने लववी. "हिला चष्मा लागत नाही, रजा लागत नाही, पाणीसुद्धा लागत नाही. तुमच्याकडं बघून मी हिला थांबवलीय. आता तुम्ही ठरवा." आणि इलाहीभाईंस हुकूम गेला की पंतांची बातमी तपासून, नको ते कापोनच आठास सोडावी.

पंत विचार करीत चालू लागले. खुर्ची म्हणजे त्यांचा प्राण. खुर्चीबाहेर त्यांस चार माणसांत बोलता येत नसे. ती गेली तर वाचाच गेली. आणि खुर्ची राखावी तर अनसूयाबाईंचा रिता हंडा डोळ्यांपुढून हलेना.

त्या वाहिनीवर एकच गोष्ट कापीत नसत, ती निधनवार्ता. मागे एकदा कोणा मयताच्या धाकट्या सुनेचे नाव कापिले गेले, तेव्हा सारी भावकी सुतकातच शेठजींच्या दारी चालोन आली होती. तेव्हापासून निधनास हात लावणे नाही ऐसा शेठजींचाच हुकूम. आणि राज्यात बाकी बातमीस कोणी जेवी, कोणी भांडे, पण निधनवार्ता लागली की घरोघर आवाज मोठा करीत.

तिसरे दिवशी चारास पंत कोट घालोन बैसले. पुलाची बातमी सांगितली, हळदीचा भाव सांगितला, मग तीन मयतांची नावे आणि रक्षाविसर्जनाच्या वेळा सांगितल्या, आणि सूर तसाच ठेवून म्हणाले, "परवा या ठिकाणाहून वरच्या पेठेत पाणी आल्याचे मी सांगितले. पाणी आलेले नाही. मी सांगितले तेव्हा चावी फिरायचीच होती. चूक माझी आहे. पेठेला टँकर हवा आहे."

इलाहीभाईंनी कॅमेऱ्यामागून डोके काढिले. "पंत, हे निधनात बसतंय का?"

"लोक तेवढंच ऐकतात, इलाहीभाई."

इलाहीभाई म्हणाले, "शेठनी सांगितलंय, निधनाला हात लावायचा नाही. मी काय लावत नाही."

आठास ते सर्व राज्याने मोठ्या आवाजात ऐकिले. सकाळी कारकुनास कोणी पुसायच्या आधीच पेठेत टँकर उभा होता, आणि दुपारी पंतांची खुर्ची काढोन तेथे यंत्रकन्येस स्थापिले. पंत घरी बैसले. कुमुदिनीबाई म्हणाल्या, "बरं झालं, आता चारला चहा गरम प्याल." त्यावर पंत हसले, पण चार वाजले की घसा खाकरीत.

पुढे ज्येष्ठमासी कारागिरांनी नळाचा फुटका सांधा शोधिला आणि एके संध्याकाळी पाणी टेकाडावर चढले. आठास यंत्रकन्येने हसोन सांगितले की वरच्या पेठेत पाणी आले. पेठेतल्या एकानेही भांडे लाविले नाही. मग अनसूयाबाई पंतांच्या दारी आल्या, त्यांच्यामागून आणखी लोक आले आणि गल्ली भरली. "काका, ती बाई म्हणते पाणी आलं. खरं का?"

"तुमचा नळ सोडून बघितलात का?" पंतांनी पुसिले.

"बघू की. तुम्ही आधी सांगा."

पंत आत गेले, आपला नळ सोडिला, ओंजळ भरोन दिव्याखाली धरिली, वास घेतला, मग ओट्यावर आले. समोर इतकी माणसे पाहून ते खाली पाहू लागले, परंतु बोलिले. "आलं आहे. गढूळ आहे. दोन दिवस उकळून प्या."

मग घरोघर हंडे वाजू लागले.

ऐसी पंतांची कारकीर्द. तीस वर्षांत बातम्या अगणित सांगितल्या. निधने वगळिली तर घडल्यावर सांगितलेल्या दोनच. पैकी एकीने खुर्ची गेली, आणि दुसरी सांगावयास खुर्ची लागली नाही. अधिक उणे वाचणाऱ्यांनी सांभाळोन घ्यावे.